शब्दार्थ

गुरुजींना शब्द फोडायची भारी हौस. नवा शब्द आला की तो कुठल्या घराण्यातला, हे सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. धडा मागे राहिला तरी चालेल.

त्या जूनमध्ये पाचवीत एक नवी मुलगी आली. केस, भुवया, पापण्यासुद्धा पांढुरक्या; कातडी गुलाबी. घरचे बाकी सगळे चारचौघांसारखे सावळे. पोरांनी दुसऱ्याच दिवशी तिचं नाव 'इंग्रज' ठेवलं. आळीतल्या बाया 'कोड आहे' म्हणून तिला शिवेनात, आणि आजी सुनेला बोल लावी : पोटुशी असताना हिनं ग्रहण पाळलं नाही.

एकदा मधल्या सुट्टीत 'ए इंग्रज' कानावर आलं आणि गुरुजी भडकले. तास सुरू होताच त्यांनी फळ्यावर झरझर लिहिलं, अल्बिनिझम. खाली शब्दार्थ.

"लॅटिनमध्ये 'अल्बस' म्हणजे पांढरा. घरी फोटोंचा अल्बम असतो ना? तो याचाच भाऊबंद. जुन्या रोममध्ये जाहीर सूचना लिहायच्या पांढऱ्या फळ्याला अल्बम म्हणत. आपण याला वर्णहीनता म्हणतो. केसांना, कातडीला, डोळ्यांना रंग येतो तो मेलॅनिनमुळे. इथे ते तयारच होत नाही, किंवा फार थोडं होतं. कोडात असलेला रंग डागाडागांनी जातो, हे जन्मापासूनचं. शिवल्यानं काही होत नाही. ग्रहणाचाही संबंध नाही. बहुतेक वेळा आई आणि बाप, दोघांकडून एकेक सदोष जनुक आलेला असतो. मग एकट्या आईला बोल कशाला?"

वर्ग चिडीचूप. गुरुजी खुशीत आले. "वाच गं बाळ, काय लिहिलंय मी?"

मुलगी तिसऱ्या बाकावरून उठली. फळ्याकडे नुसती पाहत राहिली. तिची बुबुळं सारखी डावी-उजवीकडे हलत होती. गुरुजी हे पहिल्या दिवसापासून पाहत आले होते आणि बुजरेपणा समजत होते. चाचणीत तिला २० पैकी ४ पडले, तेव्हा मठ्ठपणा समजले होते.

"दिसत नाही, गुरुजी."

"मग आजवर कशी उतरवून घेत होतीस?"

"शेजारणीच्या वहीतून."

"ती आली नाही तर?"

"मग नाही लिहीत."

गुरुजींच्या हातातला खडू हातातच राहिला. मेलॅनिन कमी असलं की डोळ्याचा पडदाही नीट घडत नाही, चष्म्यानंही सगळं भरून निघत नाही, हे त्यांनी वाचलेलं होतं. पण शब्दात 'पांढरा' होता. पोरं पांढऱ्यापाशी थांबली होती, आणि एवढे शब्द फोडणारे गुरुजीही तिथेच.

त्यांनी तिला फळ्याजवळ बोलावलं. नाकाला खडू लागेल इतकी ती जवळ गेली, एकेक अक्षर वाचत सरकत राहिली आणि शेवटच्या ओळीशी थबकली.

"गुरुजी, 'पाढरा' झालंय. अनुस्वार राहिला."

बाकीच्या ४१ पोरांपैकी कुणालाही तो दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून ती पहिल्या बाकावर, खिडकीचं ऊन डोळ्यांवर येणार नाही अशा बेतानं. मैदानावर पूर्ण बाह्या आणि रुंद काठाची टोपी. बापाला गुरुजींनी तिच्यासह डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धाडलं. पोरं अजूनही मध्येच 'इंग्रज' म्हणतात, ती सवय एका तासानं जाणारी नव्हती. पुढच्या चाचणीची प्रश्नपत्रिका मात्र गुरुजींनी तिच्यासाठी स्वतः ठळक, मोठ्या अक्षरात लिहून काढली.

२० पैकी १७.