मूळ रूप

भिलाईतील मरोदा येथे, आमच्या घरामागच्या पत्र्याच्या आडोशाला, एक जुनी डॉज मोटार गेली तीन वर्षे दुरुस्त होत आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या सहकार्याने ज्या डॉज आणि प्लिमथ मोटारी कुर्ल्यात जुळवल्या, त्यांपैकीच ही एक. माझे वडील पोलाद कारखान्यात नोकरीला होते. निवृत्तीनंतर त्यांनी ती नागपूरहून आणली. त्यांच्या पश्चात ती माझ्याकडे आली, आणि तिच्याबरोबर एक प्रश्नही आला. जुनी वस्तू दुरुस्त करताना आपण नेमके काय जपत असतो?

प्रश्न उभा राहिला तो दरवाजावरून. चालकाच्या बाजूचा दरवाजा पूर्वी चेपला होता आणि वडिलांनी तो स्वतः ठोकून सरळ केला होता. तिरप्या उन्हात त्यावरचे हातोडीचे घाव अजून दिसतात. लांबी भरून, घासून रंग दिला की कुणाला काही कळणार नाही, असे कारागिराने आश्वासन दिले. नेमके तेच आश्वासन मला बोचले.

अमेरिकेत ज्यांना ‘मसल कार’ म्हणतात, त्या दणकट मोटारींच्या जगात हा प्रश्न रोकड्या स्वरूपात भेटतो. १९६४ सालची पॉन्टियॅक जीटीओ ही त्या परंपरेतली अग्रणी. पण त्या वर्षी ती स्वतंत्र मोटार नव्हती. लेमान्स या मोटारीवर जादा पैसे मोजून घेता येणारा तो एक संच होता. साहजिकच साध्या लेमान्सला तेच ३८९ घनइंची इंजिन आणि तीच नाममुद्रा बसवून पुढे अनेकांनी घरच्या घरी जीटीओ ‘घडवली’. त्यांतल्या ज्यांनी ही नक्कल आहे असे सांगितले, त्यांना कुणी लबाड म्हणत नाही. ज्यांनी लपवले, ते फसवणुकीचे धनी झाले. पत्रा तोच, वेगही तोच. फरक केवळ सांगण्याचा आणि न सांगण्याचा. दोष सुट्या भागात नसतो, मौनात असतो.

‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात नागसेन राजाला विचारतो, की आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय? रथ हे या सर्वांच्या मेळाला व्यवहाराने दिलेले नाव आहे, हे अखेर राजाला मान्य करावे लागते. भिलाईत राहणाऱ्याला हे पटवून द्यावे लागत नाही. १९५९ साली येथील पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून हे गाव लोखंडाची रूपांतरे पाहत आले आहे. पोलादाच्या भट्टीत भंगारही पडते आणि रूळ होऊन बाहेर येते. आपण पूर्वी काय होतो, हे त्या धातूला आठवत नाही. आठवण ठेवायची ती माणसांनी.

कायदाही मूळ रूपाचा आग्रह धरतो. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या मोटारींची स्वतंत्र नोंदणी सुरू झाली. आग्रह योग्यच आहे. पण मूळपणा हे सर्वोच्च मूल्य नव्हे. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे. ज्याची धूळ फुप्फुसात जाऊन रोग होतो, ते केवळ मूळचे म्हणून जपणे हा अविवेक ठरेल. गंजून चाळण झालेला तळाचा पत्राही मी निःशंकपणे कापला, कारण त्यावर कुणाचे तरी पाय टेकणार आहेत.

मग दरवाजाचे काय? दोष मौनातच असेल, तर लांबी भरून तशी नोंद ठेवली म्हणजे सचोटी पुरी होते. तरीही हात अडत होता. ते घाव मला वडिलांचे हस्ताक्षर वाटत होते. पुढे लक्षात आले, की वडिलांना घाव राखायचे नव्हतेच. त्यांना दरवाजा सपाट हवा होता. त्यांचे अपुरे राहिलेले काम पूज्य मानून तसेच ठेवणे, हे त्यांच्या इच्छेपेक्षा माझ्या हळवेपणाला धरून होते. आपण ज्याला स्मृतीची निष्ठा म्हणतो, ती पुष्कळदा आपलीच सोय असते.

अखेर बाहेरून लांबी भरली. आतले अस्तर काढले की बोटांना ते घाव आजही लागतात. ते तसेच राहू दिले. गाडीच्या कप्प्यात एक वही ठेवली आहे. तळाचा पत्रा, ब्रेकची अस्तरे, वायरिंग, जे जे बदलले ते तीत तारखेसह लिहिले आहे. दरवाजापुढे मात्र दोन नोंदी आहेत, एक वडिलांच्या कामाची आणि एक माझ्या. उद्या ही मोटार ज्याच्या हाती जाईल, त्याने तिसरी नोंद करावी. मूळ रूप कुणालाच पूर्णपणे परत आणता येत नाही; पण आपण ते कोठे मोडले, हे सांगणे प्रत्येकाच्या हाती असते.