सीमेबाहेरचा पंधरा ऑगस्ट

परदेशात स्थायिक झालेले भारतीय पंधरा ऑगस्ट साजरा करतात, तेव्हा एक आक्षेप हमखास घेतला जातो: जी भूमी सोडली, तिच्या राष्ट्रीय दिनावर हक्क कसला? या आक्षेपामागे एक गृहीत आहे. राष्ट्रीय दिन भूभागाचा असतो आणि सीमा संपली की तोही संपतो, असे ते गृहीत. दादरा आणि नगर हवेलीतल्या सिल्वासाचा इतिहास ते खोटे ठरवतो. मराठा आरमाराने नष्ट केलेल्या जहाजाच्या भरपाईपोटी अठराव्या शतकाच्या अखेरीस नगर हवेली पोर्तुगिजांकडे गेली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा दमणगंगेकाठचे सिल्वासा त्याच अंमलाखाली होते. चहूबाजूंनी भारत असूनही कायद्याने ते परदेशच होते. २ ऑगस्ट १९५४ रोजी आझाद गोमंतक दलाच्या आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या स्वयंसेवकांनी ते मुक्त केले आणि तिथे तिरंगा चढला. संगीतकार सुधीर फडके या मोहिमेत होते.

तिरंगा चढला, पण विलीनीकरण झाले नाही. कारभार स्थानिकांची वरिष्ठ पंचायत पाहू लागली. पोर्तुगालने भारतातून या मुलुखात जाण्याच्या वाटेच्या हक्कासाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १२ एप्रिल १९६० च्या निकालाने पोर्तुगालचा सैन्य नेण्याचा हक्क नाकारला आणि भारताने वाट अडवण्यात दोष नाही असे ठरवले. पुढे विलीनीकरणाच्या करारावर सही करता यावी म्हणून के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला या मुलुखाचे प्रमुख नेमावे लागले. ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा आणि नगर हवेली भारतात आली. म्हणजे १९५४ ते १९६० असे सात पंधरा ऑगस्ट या मुलुखाने भारताच्या घटनेबाहेर राहून पाहिले. इथे आपलेपणा आधी आला आणि कायदा मागाहून.

मुळात राष्ट्रीय दिनाच्या कल्पनेचा प्रवास असाच झाला आहे. १९०८ मध्ये लंडनच्या इंडिया हाउसमध्ये सावरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८५७ च्या उठावाचा स्मृतिदिन पाळला, तो राज्यकर्त्यांच्याच राजधानीत. २६ जानेवारी १९३० रोजी देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा वाचली गेली, तेव्हा स्वतंत्र राज्य कुठेच नव्हते. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोव्यातल्या तेरेखोल किल्ल्यावर सत्याग्रहींनी तिरंगा लावला, तोही परक्या सत्तेच्या हद्दीत. १९५० नंतर राष्ट्रीय दिन शासनाच्या हाती आला. संचलन, सलामी आणि सुट्टी यांत प्रतिज्ञेची आठवण मागे पडली आणि दिवस भूभागाला चिकटला.

यावर अधिक टोकदार आक्षेप आहे, आणि तो खरा आहे: सिल्वासा आणि तेरेखोलच्या माणसांनी जीव धोक्यात घातला, परदेशस्थ काय धोका पत्करतात? १९८१ पासून न्यूयॉर्कमध्ये निघणाऱ्या भारत दिनाच्या मिरवणुकीत चालणाऱ्याला अटकेची भीती नसते. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेल्याने भारताच्या मतदानावर हक्क सांगू नये, हेही मान्य. पण स्मरण म्हणजे हक्क सांगणे नव्हे. ज्या देशाची निष्ठा पत्करली तिला त्याने बाधा येत नाही. उणीव निष्ठेत नाही, आशयात आहे. १९३० च्या प्रतिज्ञेत जनतेच्या आर्थिक दुर्दशेचा हिशेब होता. तसाच हिशेब आज सिल्वासानेही दर २ ऑगस्टला मांडायला हवा: मुक्तीने वारली आणि कोकणा पाड्यांना जमीन, शाळा, दवाखाना किती दिला? हिशेबाची ही जबाबदारी मायदेशातल्यांची जितकी, तितकीच परदेशातल्यांची.

म्हणून परदेशातल्या मराठी मंडळांना एक विनंती आहे. येत्या पंधरा ऑगस्टला गाणी आणि जेवण असू द्या, पण त्याआधी सर्वांनी उभे राहून घटनेची उद्देशिका मोठ्याने वाचा. न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हे शब्द आपण राहतो त्या गावालाही लावून पाहा. दिवसावरचा हक्क त्यातूनच सिद्ध होईल.