सपाट वाट

सुट्टीत नातवाला गाड्यांची शर्यत लावायची होती. बोटाएवढ्या गाड्या, खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्श्याच्या. फरशीच्या सांध्यावर पट्टी जराशी उचलली गेली, तरी गाडी उडून पडायची. मी पट्टीखाली पुठ्ठे सारले, गोटी ठेवून उतार पाहिला. अर्धा तास डोळे जमिनीलाच!

मग पट्टीच्या कडेनं मुंग्यांची रांग दिसली. पुठ्ठा उचलला, तर खाली दोन चिरडलेल्या.

“आज्जी, तू मुद्दाम नाही ना केलंस?”

“नाही रे बाळा,” म्हटलं खरं, पण मन मानेना. मारायचं मनात नव्हतं, एवढ्यानं सुटका होते का? हिंसेचं मूळ प्रमादात, असं आपलं शास्त्र सांगतं. ईर्यासमिती म्हणजे चार हात जमीन पाहून चालणं, हे लहानपणापासून ऐकत आले. पाहत तर मीही होते. पण गाडी अडू नये म्हणून. कुणी चिरडू नये म्हणून नव्हे. म्हणून खडबड दिसली, जीव दिसला नाही. घर लखलखीत ठेवताना आपण बायका असंच तर पाहतो ना?

पट्टी दुसऱ्या कोपऱ्यात हलवली. यावेळी आधी मुंग्या पाहिल्या, मग उतार. तिथं गाडी जरा अडखळते, पण पोचते.