कापड कुणाचं?

चित्रात आधी कापड दिसतं. पांढरंशुभ्र. डोक्याला गुंडाळलेलं, मांडीवर चुण्या पडलेलं. कमरेशी लाल फीत, खुर्चीवर टाकलेली निळी शाल, कानात सोन्याची बाळी. आणि त्या पांढऱ्यात एक काळी तरुण बाई, सरळ आपल्याकडं बघणारी. एक छाती उघडी.

मारी-गियेमिन बन्वा या फ्रेंच चित्रकर्तीनं 1800 साली पॅरिसच्या प्रदर्शनात हे चित्र मांडलं. नाव दिलं, 'एका निग्रो बाईचं चित्र'. एका. म्हणजे कुणीही. निळा, पांढरा, लाल हे फ्रेंच क्रांतीचे रंग, आणि 1794 साली फ्रान्सनं गुलामगिरी रद्द केलेली. म्हणून काही जाणकार म्हणतात, हे स्वातंत्र्याचं चित्र. असेलही. पण ही बाई ग्वादलूप बेटावरनं आणलेली, चित्रकर्तीच्या दिराच्या घरची मोलकरीण. आणि 1802 ला नेपोलियननं गुलामगिरी परत आणली. ती जायला 1848 उजाडलं.

त्याच 1800 साली बन्वाचा गुरू दाविद यानं मादाम रेकामिए या बँकवाल्याच्या बायकोचं चित्र काढायला घेतलं. तिचाही झगा पांढरा. दंड उघडे, पाय अनवाणी. पॅरिसच्या बड्या घरांत तेव्हा ही फॅशनच होती, ग्रीक पुतळ्यासारखं दिसायची. पातळ पांढरं सुती कापड हवं, आणि त्यातली नामी मलमल आपल्या बंगालच्या विणकरांनी विणलेली. पण या बाईच्या चित्राला बाईचं नाव आहे. दाविदचं चित्र अर्धवट राहिलं तर जेरारनं तिचं दुसरं काढलं. आज दोन्ही बाया लूव्रच्या संग्रहात.

आता मला सांगा, फॅशन म्हणजे काय? अंगावर काय आहे ते, की अंगावर काय घालायचं हे ठरवायचा हक्क? रेकामिएबाई अनवाणी बसली ती हौसेनं. मोलकरणीची छाती उघडी, ती कुणाच्या हौसेनं? तिनं कापड वर ओढून घेतलं असतं तर चालवून घेतलं असतं का?

चित्र वाईट असतं तर शिवी देऊन मोकळा झालो असतो. तसं नाही. बन्वानं त्या कातडीवरचा उजेड फार मन लावून रंगवलाय. बाईच्या नजरेत लाचारी नाही. म्हणूनच जास्त टोचतं. माणसाला देखणं रंगवता येतं आणि त्याला न विचारताही रंगवता येतं.

आपल्या बायांना हे वेगळं सांगायला नको. कुणी कसलं लुगडं कुठवर नेसायचं, कुठला दागिना घालायचा, हे गावानं ठरवलेलं. डिसेंबर 1927 ला महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितलं, ज्यानं अस्पृश्य म्हणून ओळखू येता ते नेसणं सोडा, ते दागिने टाका. ती फॅशनची गोष्ट नव्हती, आणि होतीही.

2019 साली पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात काळ्या मॉडेलांवरचं प्रदर्शन भरलं, तेव्हा या चित्राखाली नवं नाव लागलं : 'मादलेनचं चित्र'. चित्र काढून 219 वर्षं झाली होती.