पाहुण्याचं काम

जपानला जाऊन आलेली आपली माणसं तिथल्या चहाच्या विधीबद्दल भरभरून बोलतात, पण बोलतात ती यजमानाबद्दल: त्याचा संथपणा, हातांची लय, हिरव्या भुकटीवर बांबूच्या फिरकीनं उठलेला फेस. मला त्या विधीतला पाहुणा जास्त महत्त्वाचा वाटतो. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यूनं हा विधी घडवला, तो छोट्या, साध्या खोलीत. तिचं दार इतकं ठेंगणं की सामुराईलाही तलवार बाहेर ठेवून गुडघ्यांवर सरकत आत यावं लागे. आत गेल्यावर वाडगा फिरवून घ्यायचा, म्हणजे त्याच्या दर्शनी बाजूला ओठ लागत नाहीत. प्यायल्यावर कड पुसायची, वाडगा निरखायचा, यजमानाला त्याच्याबद्दल विचारायचं. वाद्य कुठलंच नसतं. पाण्याच्या भांड्याच्या तळाला लोखंडाचे तुकडे बसवलेले असतात. उकळी येताना त्यातून सूर निघतो आणि तो ऐकण्यासाठी गप्प राहायचं, हेही पाहुण्याचंच काम.

पाहुण्याला इतकं काम देणारी एक परंपरा आपल्या अगदी शेजारी आहे. यवतमाळ किंवा किनवटहून आदिलाबाद जिल्ह्यात शिरलं की दिवाळीच्या दिवसांत राजगोंडांच्या गावांमधून दंडारीचे मेळे निघालेले असतात. मेळ्यात गुस्साडी असतात: डोक्यावर मोरपिसांचा प्रचंड टोप, अंगाला राख, खांद्यावर कातडं, हातात दांडकं. त्या दिवसांत त्यांच्या अंगात देवाचा वास असतो, असं मानतात. मेळा दुसऱ्या गावाच्या वेशीवर आला की ढोल, तुडुम आणि पेपरे वाजू लागतात, यजमान गाव सामोरं येतं आणि आलेल्यांचे पाय धुतं. हे पाय धुणं वरवरचं नसतं. वाटेची धूळ पाण्याबरोबर उतरते, पाय धुणारा वाकलेला असतो, आणि ज्याचे पाय धुतले जातात त्यालाही त्या वेळी देवपणाला शोभेल असं उभं राहावं लागतं. रात्री जेवण, नाच, गाणी. पुढं यजमान गावानं परतभेटीला जायचं असतं. सोयरीक जुळू शकेल अशा कुळांची ये-जा त्यात असते, म्हणून इथलं पाहुणेपण नात्याचीच एक पायरी ठरतं.

या वर्तुळात आपण, बाहेरचे, कुठं बसतो? कॅमेरा घेऊन कडेला उभा असलेला माणूस ना पाय धुतो, ना परतभेटीला बांधलेला असतो. नाच त्याला दिसतो, पण त्यातली देवघेव त्याच्या बाजूनं रिकामीच राहते. मंचावर गुस्साडी आणण्याला माझा विरोध नाही. मारलवाई गावचे कनकराजू ही कला दिल्लीपर्यंत घेऊन गेले, त्यांनी तरुणांना शिकवलं, 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2024 मध्ये ते गेले. त्यांच्यामुळे हजारो लोकांना गुस्साडी हे नाव तरी कळलं. पण मंचासमोरच्या खुर्चीत बसून जे पाहिलं त्याला दंडारी पाहिली म्हणू नये, एवढं मला ठामपणे वाटतं. तिथं यजमान गावच नसतं.

प्रधानांच्या संगीतात ही गोष्ट आणखी टोकाला जाते. प्रधान हे गोंडांचे वंशपरंपरागत गायक. त्यांची किकरी तीन तारांची, कमानीनं वाजणारी. प्रत्येक प्रधानाची गोंड यजमान घराणी ठरलेली असतात आणि तो गातो ते त्या कुळाचं मूळ: आद्य गुरू पहांदी कुपार लिंगल, जंगुबाई देवी, गुहेतून बाहेर आलेले देव, कुळांची वाटणी. मारलवाईत 1940 च्या दशकात राहून ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञानं यातलं पुष्कळ टिपून ठेवलं. टिपणात कथा उतरते. पण ज्याच्या पूर्वजांची ती कथा आहे तो समोर बसलेला असणं कागदावर कसं उतरणार? त्याच्या कुळाचं नाव गाण्यात येतं, तो दान देतो आणि गाणं पुरं होतं. आपल्याला हा श्रोता होता येणार नाही. जन्मानं मिळणारी जागा आहे ती.

तरीही पाहुण्याची जागा उरते, आणि ती मागून घेता येते. तशी रीत तिथल्या घरच्या माणसांनाही चुकत नाही. पौष अमावस्येला केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत मेसराम या गोंड कुळाची माणसं गोदावरीचं पाणी पायी घेऊन येतात. कुळात लग्न होऊन आलेल्या सुनांचीही तिथं देवाशी ‘भेट’ करवून देतात. त्यानंतरच त्या कुळाच्या पूजेत पूर्णपणे सामील होतात. घरात आलेल्या सुनेलाही जिथं रीतसर ओळख करून घ्यावी लागते, तिथं आपण एका दुपारीत सगळं पाहून निघावं, हे मला बरं वाटत नाही. दिवाळीत जायचं तर आधी गावच्या पटलाला, म्हणजे प्रमुखाला, विचारावं, रात्री मुक्काम करावा, पंगतीत जेवावं, फोटोचं नंतर बघावं. मराठी माणसाला इथं एक सोय आहे, जी हाइमेनडॉर्फला नव्हती. आदिलाबादचे प्रधान घरात मराठी बोलतात. गाणं मात्र गोंडीत चालतं, आणि ते उमगायचं तर यजमानाच्या शेजारी बसून त्यालाच हळूच विचारत राहावं लागतं.