मांजराच्या मेंदूची उसनवारी

१९५८ साल, अमेरिकेतलं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ. भूल दिलेल्या मांजराच्या मेंदूत बारीक तार खोचून डेव्हिड ह्यूबल आणि टॉर्स्टन विझल तासन्‌तास पडद्यावर ठिपके दाखवत बसले होते. पेशी ढिम्म. मग प्रोजेक्टरमध्ये काचपट्टी सरकवताना तिच्या कडेची पुसट सावली पडद्यावरून गेली आणि तारेला जोडलेल्या स्पीकरमधून एकदम तडतड सुरू झाली. त्या पेशीला ठिपक्याशी काही देणंघेणंच नव्हतं. तिला हवी होती ठरावीक कोनातली रेघ. १९८१ मध्ये या दोघांना नोबेल मिळालं.

यंत्राला ‘बघायला’ शिकवण्याचा रस्ता या काचपट्टीवरून जातो. आधी कडा, कडांतून आकार, आकारांतून वस्तू अशी उतरंड रचून जपानच्या कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८० मध्ये ‘निओकॉग्निट्रॉन’ उभा केला. १९८९ मध्ये यान लकून आणि सहकाऱ्यांच्या ‘न्यूरल नेटवर्क’ने, म्हणजे कृत्रिम चेतापेशींच्या जाळ्याने, अमेरिकी टपालावरच्या पिनकोडचे हस्तलिखित आकडे ओळखून दाखवले. २०१२ च्या ‘अ‍ॅलेक्सनेट’ या जाळ्याला सुमारे बारा लाख चित्रं दाखवली, तेव्हा त्याच्या पहिल्या थरात आपोआप काय उमटलं? तिरक्या रेघा. मांजरात होत्या तशाच.

एवढ्यावरून यंत्रात मेंदूच उतरला असं कुणाला वाटेल. पण उसनं घेतलंय ते चिमूटभर. मॅक्‌कलक आणि पिट्स यांनी १९४३ मध्ये कागदावर मांडलेला आणि पुढे इतरांनी सुधारलेला ‘न्यूरॉन’ करतो काय? आलेल्या प्रत्येक आकड्याला त्याच्या वजनाने गुणतो आणि सगळ्यांची बेरीज करतो. वाणी बिल करतो तसंच: भाव गुणिले नग, खाली एकूण. बेरीज ठरल्या रकमेपलीकडे गेली, तरच निरोप पुढे. खऱ्या पेशीत रसायनांची, वेळेची, फांद्यांच्या जागेची जी गुंतागुंत असते, ती या बिलात कुठेच नाही.

शिकण्याची तऱ्हा तर आणखी वेगळी. १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी गाजवलेल्या पद्धतीत चूक शेवटच्या थरापासून उलट मागे पाठवतात आणि वाटेतलं प्रत्येक वजन थोडंथोडं दुरुस्त करतात. डीएनएची रचना उलगडणाऱ्या फ्रान्सिस क्रिक यांनी १९८९ मध्ये यावर बोट ठेवलं: मेंदूत अशी उलटी वाहतूक होते याला पुरावा कुठाय? आक्षेप रास्त होता. अभियंत्यांनी तो फारसा मनावर घेतला नाही, आणि बरंच केलं. नाहीतर आजची निम्मी यंत्रं घडलीच नसती. (‘न्यूरल’ हे विशेषण मात्र त्यांनी सोडलं नाही. विकायला बरं पडतं.)

मेंदू सुमारे वीस वॅटवर चालतो, आणि दीड वर्षाच्या पोराला चार ‘माऊ’ दाखवल्या की पाचवी ते स्वतः ओळखतं. हे त्याला कसं जमतं, याचं पुरतं उत्तर ना मेंदूवाल्यांकडे आहे ना यंत्रवाल्यांकडे. त्याच १९८६ मध्ये एका मिलिमीटरभर कृमीच्या ३०२ चेतापेशींच्या जोडणीचा नकाशाही प्रसिद्ध झाला. त्या नकाशावरून तो कृमी पुढच्या क्षणी कुठे वळेल, हे अजूनही खात्रीने सांगता येत नाही.