विश्वासाचे रसायन आणि आप्ताची कसोटी

अनोळखी माणसावर विसंबण्याची तयारी मेंदूतील द्रव्यांनी घडत असेल, तर विश्वास ही विवेकाची कृती न राहता निव्वळ शरीरधर्म ठरतो काय, हा प्रश्न झुरिक विद्यापीठातील संशोधकांच्या 2005 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगानंतर नव्याने उभा राहिला. मायकेल कॉसफेल्ड, अर्न्स्ट फेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही तरुणांना नाकावाटे ऑक्सिटोसिन दिले. हे संप्रेरक, म्हणजे शरीरात संदेश वाहून नेणारे द्रव्य, मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागात तयार होते आणि प्रसूती व स्तनपान यांत त्याचा मोठा वाटा असतो. नंतरच्या खेळात पहिल्या खेळाडूने दिलेली रक्कम तिप्पट होऊन दुसऱ्याच्या हाती पडे, आणि तिच्यातले काही परत करायचे की नाही, हे सर्वस्वी त्या दुसऱ्याच्या मर्जीवर असे. ऑक्सिटोसिन घेतलेल्यांपैकी सुमारे 45 टक्के, तर औषधविरहित फवारा घेतलेल्यांपैकी सुमारे 21 टक्के जणांनी आपली सर्व रक्कम देऊन टाकली.

या निष्कर्षाचा फार गाजावाजा झाला. परंतु 2020 साली बऱ्याच मोठ्या संख्येवर केलेल्या पुनर्परीक्षणात असा सर्वसाधारण परिणाम आढळला नाही, तेव्हा ऑक्सिटोसिनला सरसकट विश्वासाचे द्रव्य म्हणणे घाईचे होते. तरीही मूळ प्रयोगातील एक दुर्लक्षित बाब तत्त्वचिंतकाला अधिक मोलाची वाटावी: रक्कम परत करणाऱ्यांच्या वागण्यात ऑक्सिटोसिनमुळे काहीच फरक पडला नव्हता. विश्वास टाकण्याची वृत्ती आणि विश्वासास पात्र असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीचे कारण सापडले म्हणून दुसरीचा निवाडा होत नाही.

भारतीय तत्त्वज्ञानातील न्यायदर्शनाने नेमका हाच निवाडा हाती घेतला. शब्द, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारे ज्ञान, प्रमाण मानताना न्यायसूत्रकार गौतमाने ते सांगणारा आप्त असावा अशी अट घातली. आणि ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे व जशी जाणली तशीच ती सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, असे वात्स्यायनाने आपल्या भाष्यात स्पष्ट केले. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, हे त्याचे पुढचे विधान तर विलक्षण धाडसाचे आहे. कार्स्टेन डी ड्र्यू यांच्या 2010 मधील प्रयोगांत ऑक्सिटोसिनमुळे वाढलेला जिव्हाळा मुख्यतः स्वतःच्या गटापुरता राहिल्याचे दिसले होते. वात्स्यायनाची कसोटी मात्र बोलणारा कोणत्या गटातला आहे हे विचारीतच नाही.

मनाचा कल शरीरातून येतो हे मान्य करण्यात विवेकाची कोणतीही हानी नाही, कारण श्रद्धा ज्याच्या-त्याच्या प्रकृतीनुसार असते हे गीतेच्या सतराव्या अध्यायानेही मानले आहे. रसायनशास्त्र विश्वास का वाटतो हे कदाचित सांगू शकेल. तो कोणावर ठेवावा, हे ठरविण्याची जबाबदारी विश्वास ठेवणाऱ्याचीच आहे.